आपांची विचारपूस

माझं काम नेमकं काय आहे, हे मला माझ्या आईला अजून नीट सांगता आलेलं नाही. मी गावी, पिशोरला गेले की ती शेजारणींना सांगते, "पोरगी मोठ्या दवाखान्यात हाय." मग शेजारणी गुडघे दाखवायला येतात. मी म्हणते, मी तसली डॉक्टर नाही, मी लोकांशी बोलते. एकदा भाकरी थापता थापता आईने नीट चौकशीच केली.

"म्हंजी लोकं येऊन त्यांचं दुखणं सांगतेत, अन् तू ऐकती?"

"व्हय."

"अन् मंग काय सांगती त्यांना?"

"सांगत काही नाही. त्यांनाच विचारते."

आईने भाकरी तव्यावर टाकली. "मंग त्यांनी यायचं कशाला?"

यावर देण्यासारखं उत्तर पुस्तकात आहे. मी ते परीक्षेत लिहिलं होतं आणि मला चांगले गुणही मिळाले होते. आईला मात्र ते सांगता आलं नाही.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. वडील आडतीवर मक्याची पोती उचलायचे, आई रोजाने शेतात जायची. मी विहाराच्या ओट्यावर बसून अभ्यास केला, कारण तिथं लाईट होती आणि कामाला कुणी हाक मारत नव्हतं. दहावीनंतर माझं शिक्षण थांबणार होतं, पण गणिताच्या बाई स्वतः घरी आल्या, वडिलांशी बोलल्या आणि चहा न घेता गेल्या. त्यांनी चहा घेतला नाही म्हणून वडिलांना वाटलं बाई रागावल्या, आणि त्या धास्तीने त्यांनी मला अकरावीत घातलं. बाईंना फक्त शेवटची बस गाठायची होती, हे आम्हाला फार उशिरा कळलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

मानसशास्त्र मी विचार करून घेतलं असं सांगायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे बी.ए.च्या प्रवेशाला खिडकीवरच्या क्लार्कने तिसरा विषय विचारला, मला सुचेना, आणि माझ्यापुढच्या मुलीने मानसशास्त्र सांगितलं होतं म्हणून मीही तेच सांगितलं. ती मुलगी नंतर कॉलेजला आलीच नाही. मी राहिले, आणि हळूहळू तो विषय मला धरून बसला. एम.ए.ला विद्यापीठात आले तेव्हा सगळे शब्द इंग्रजी होते. मी ते पाठ करायची आणि खोलीवर आल्यावर आमच्या बोलीत त्यांना काय म्हणतील ते शोधायची. डिप्रेशनला आमच्याकडं 'मन लागत नाही' म्हणतात. अँग्झायटीला 'जीव खालीवर होतो' म्हणतात. पुष्कळ शब्द मात्र सापडलेच नाहीत.

आता मी संभाजीनगरला जालना रोडवरच्या एका समुपदेशन केंद्रात काम करते. चिकलठाण्याच्या कंपन्यांमधली माणसं येतात, शेंद्र्याहून येतात, जुन्या शहरातून येतात. आमच्या कामावर एक मानसोपचारतज्ज्ञ देखरेख करतात, त्यांना आम्ही मोठ्या मॅडम म्हणतो. मला जे काही येतं ते बरंचसं त्यांच्यामुळं. सल्ला द्यायचा नाही, समोरच्याला स्वतःचं ऐकू येईल असे प्रश्न विचारायचे, दर भेटीत मनाला दहापैकी किती गुण देता ते विचारायचं, आणि मन बरं होण्याची वाट न बघता लहान लहान कामं सुरू करायला लावायचं. 'आधी पाय, मग मन,' असं त्या म्हणतात. ही पद्धत चालते. मी चालताना पाहिली आहे. म्हणूनच आपांच्या बाबतीत काय झालं ते मला अजून नीट लावता येत नाही.

हे मी आपांना विचारून लिहिते आहे. ओळख पटेल अशा काही गोष्टी बदलल्या आहेत. मी परवानगी मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, "लिखो. पर मेरे कू अच्छा लिखना, रोती-धोती नक्को दिखाना."

आपांची मुलगी केंद्रात आली तेव्हा उन्हाळा सरत आला होता. ती शेंद्र्याच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. कंपनीच्या गणवेशातच आली होती. तिचे वडील अचानक गेले होते. सकाळी स्कूटर बाहेर काढताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोहोचायच्या आत संपलं. आई उर्दू माध्यमाच्या एका खाजगी शाळेत पहिलीच्या वर्गावर होती. लग्नाआधीपासूनची नोकरी. शाळेतली मुलं तिला आपा, म्हणजे ताई, म्हणतात, त्या मुलांची मुलं आपा म्हणतात, आणि आता सगळा मोहल्लाच आपा म्हणतो.

"अम्मी जेवत नाही, झोपत नाही," मुलगी म्हणाली. ती माझ्याशी आपल्या इकडची मराठी बोलते आणि आईशी दखनी. "तिला इथं आणलं असतं, पण ती इद्दतमध्ये आहे."

नवरा गेल्यावर बाईने चार महिने दहा दिवस घरात राहायचं, साधे कपडे घालायचे, नटायचं नाही, कुठल्या कार्याला जायचं नाही, ही इद्दत. मुलीने मौलवी साहेबांना विचारलं होतं. डॉक्टरकडं जायला हरकत नाही असं ते म्हणाले होते. पण आपाच नको म्हणाल्या. मग कुणीतरी घरी जायचं ठरलं. आमच्या केंद्रात दुसरे दोघे समुपदेशक पुरुष आहेत, त्यांनी जाऊन चालणार नव्हतं. मोठ्या मॅडमनी मला पाठवलं.

जाताना माझ्या मनात एक गोष्ट पक्की होती. माणूस आधीच दुःखात, त्यात त्याला घरात कोंडून ठेवलं तर तो बरा कसा होणार? इद्दत पाळायला माझा विरोध नव्हता, कुणाच्या रीतीला नाव ठेवण्याइतकी मी मोठी नाही. पण अडचण तिथंच आहे, आणि तिच्यातून वाट काढत काम करायचं आहे, असं मी धरून चालले होते.

आतल्या खोलीत खिडकीजवळ एक तख्त होतं, त्यावर आपा बसल्या होत्या. उंच, सडपातळ, डोक्यावर पांढरी ओढणी. मी माझी ओळख करून दिली. त्यांनी ती पहिलीतल्या मुलाचं ऐकावं तशी पुरी ऐकून घेतली.

"डॉक्टरनी हो?"

"नाही, मी समुपदेशक आहे. मी तुमच्याशी बोलायला आलेय."

"बेटा, चालीस दिन से सब बोलने कूच आ रे." मग मुलीकडं वळून म्हणाल्या, "शरबत ला. धूप में से आई बच्ची."

आमच्या कामात समोरच्याकडून काही घ्यायचं नसतं. पण तो पेला परत करण्याची हिंमत माझ्यात नव्हती. मोठ्या मॅडमना मी ते नंतर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सरबत चालतं. बिर्याणीपर्यंत जाऊ नको."

मी दर आठवड्याला जाऊ लागले. आपा बोलायच्या, नवऱ्याबद्दल सुद्धा. ते रोज त्यांना स्कूटरवरून शाळेत सोडायचे आणि रोज शेवटच्या वळणावर म्हणायचे, आज लवकर ये. लवकर येणं आपांच्या हातात नव्हतं, शाळा सुटायची तेव्हा सुटायची, पण ते म्हणायचे. हे सांगताना आपा रडल्या आणि मग चष्मा पुसून माझ्याकडं बघत राहिल्या, जणू आता पुढचा प्रश्न विचार. मी विचारला.

"आज मनाला दहापैकी किती गुण द्याल?"

"कॉपी कौन जांचेंगा? तुम के मैं?"

"तुम्हीच."

"तो फिर चार. उस में एक ग्रेस का है."

मी त्यांना लहान लहान कामं दिली. सकाळी खिडकी उघडायची. संध्याकाळी शेजारच्या मुली यायच्या, त्यांची उजळणी घ्यायची. परत शाळेत गेल्यावर पहिल्या दिवशी काय शिकवायचं ते मनात ठरवायचं. आपा सगळं करायच्या, चांगली विद्यार्थिनी करते तसं. जेवण वाढलं. झोप आली. गुण पाचावर गेले, मग सहावर. एके दिवशी आपांनी शाळेतल्या एका मुलाची गोष्ट सांगितली. तो दर सोमवारी पोट दुखतं म्हणून रडायचा आणि सुट्टी दिली की बरा व्हायचा. सांगता सांगता आपा स्वतःच हसल्या, आणि स्वयंपाकघरातून मुलगी दारात येऊन उभी राहिली. तिने कितीतरी दिवसांनी ते हसणं ऐकलं होतं.

मी आमच्या बैठकीत ही केस मांडली. सगळ्यांनी कौतुक केलं. मला अभिमान वाटला, कशाला नाकारू. पिशोरच्या ओट्यावर अभ्यास केलेल्या मुलीचं शिक्षण कुणाच्या तरी कामाला येत होतं.

इद्दत संपायच्या आधी मी आपांच्या परवानगीने त्यांच्या मुख्याध्यापिकांना फोन केला. आपांचं कामावर परतणं हे आमचं मोठं पाऊल होतं. मुख्याध्यापिका चांगल्या बाई होत्या. त्यांनी सांगितलं, संस्थेचे लोक पहिलीच्या वर्गाला दुसरी शिक्षिका नेमायच्या मागं लागले आहेत, त्यांना त्या दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबवू शकत होत्या, पुढं नाही. "आप बताइए, हम क्या करें?" त्यांनी विचारलं. मी जे शिकले होते तेच सांगितलं. त्यांना एकटं वाटू देऊ नका. आपुलकीने चौकशी करा. सगळे आपल्यासोबत आहेत हे त्यांना जाणवू द्या.

इद्दत संपली. आपांचे भाऊ नवे कपडे घेऊन आले, बहिणीला आपल्या घरी जेवायला घेऊन गेले. सोमवारी मुलीने सुट्टी काढली आणि आपांना स्कूटीवर बसवून शाळेत नेलं. मी केंद्रात होते, फोन समोर ठेवून.

फोन आला तो वाटलं होतं त्यापेक्षा फार लवकर आला. मुलगी म्हणाली, "मॅडम, अम्मी घरी आली."

शाळेच्या फाटकात सगळा स्टाफ उभा होता. मुलांना ओळीने उभं केलं होतं. एका शिक्षिकेने फुलं दिली. मग एकेक करून सगळ्यांनी चौकशी केली. अब तबीयत कैसी है आपा, अब कैसा लग रा, अब तो ठीक है ना. आपांनी पहिल्या दोघींना उत्तर दिलं, तिसरीला मान हलवली, आणि मग फुलं मुलीच्या हातात देऊन म्हणाल्या, "चल." वर्गापर्यंत त्या गेल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा आपा पुन्हा तख्तावर होत्या. नवे कपडे काढून ठेवले होते, तीच पांढरी ओढणी. खिडकी बंद होती. मी बसले. मी विचारलं, काय झालं. उत्तर आलं नाही. मी वेगळ्या पद्धतीने विचारलं. गुण विचारले नाहीत, तेवढं शहाणपण होतं. निघताना मुलगी माझ्यासोबत जिन्यापर्यंत आली.

"मामू म्हणाले, इद्दत झाली, ती परत होत नसते. हे असं बसणं दीनमध्ये, आपल्या धर्मात, नाही. अम्मी म्हणते, माहीत आहे मला." मग म्हणाली, "मॅडम, इतके दिवस ती बरी होत होती ना? का मलाच तसं वाटलं?"

"मलाही वाटलं," मी म्हणाले.

त्यानंतरचे दिवस माझे फार गोंधळात गेले. केंद्रात दुसरी माणसं समोर बसलेली असायची आणि मी आतून आपांचाच हिशेब लावत असायची. स्कूटरचं कारण असेल का? नवऱ्याशिवाय पहिल्यांदाच त्या रस्त्याने जाणं, ते शेवटचं वळण. मुलीची खात्री होती की हेच असणार, आणि ती स्वतःला बोल लावत होती की स्कूटीऐवजी रिक्षा करायला हवी होती. की फाटकातली गर्दी? ती तर माझ्याच सांगण्यावरून जमली होती. की आमचं काम मुळात वरवरचंच झालं होतं, आणि आपांनी माझ्यासारख्या उन्हातून येणाऱ्या मुलीचं मन राखायला सहा गुण दिले होते? प्रत्येक कारण पटायचं. दुसरं कारण आठवलं की पहिलं लटकं वाटायचं.

पुढच्या भेटीत आपा बोलल्या, पण त्यांच्या बोलण्याने गुंता वाढला.

"इद्दत में अच्छा था," त्या म्हणाल्या.

मी सावध झाले. "काय चांगलं होतं?"

"बैठने का हुक्म था. आते थे, बैठते थे, दुआ पढ़के जाते थे. ठीक हुए के नई, कोई नई पूछता था. ठीक होने काच नई था उस वक्त." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "एक तुम पूछते थे. पर तुम बच्ची हो, तुमारी नौकरी है, बोल के मैं नंबर दे देती थी."

राग आला असता तर बरं झालं असतं, पण त्या इतक्या मायेने बोलत होत्या की रागावताही येईना.

"अब सब कू जवाब होना. अब तो ठीक है ना, बोलते. ना बोलूं तो उनका मुंह उतर जाता. हां बोलूं तो..." त्या थांबल्या. "उनका इंतकाल होके कितेक दिन हुए? मैं हां कैसा बोलूं?"

मग त्यांनी मला सरळच सांगितलं. "तुम सब कू बोलो, डॉक्टरनी ने और बैठने कू बोला है. तुमारी बात मानते."

मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. मोठ्या मॅडमना येऊन सगळं सांगितलं. त्यांनी नेहमीसारखं शांतपणे ऐकलं.

"तू तसं सांगितलंस तर ती कायमची बसेल," त्या म्हणाल्या. "टाळणं हे असंच असतं. आज टाळलं की आज बरं वाटतं, उद्या आणखी अवघड होतं. दिवाळीनंतर तिला परत जायला वर्गच उरणार नाही. मग काय करशील?"

"पण मॅडम, तिला बसायची गरजच असेल तर?"

"कुणाला किती दिवस बसायची गरज आहे हे तुला कसं कळणार?"

"नाही कळणार."

"मलाही नाही कळणार," मॅडम म्हणाल्या. हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि मला धीर येण्याऐवजी भीतीच वाटली.

मी ज्या गोष्टीला अडचण समजत होते, त्या गोष्टीनेच आपांना धरून ठेवलं होतं का? तसं असेल तर माझी लहान कामं, माझे गुण, ते सगळं त्या आधारावर उभं होतं आणि मला वाटत होतं की मीच आधार आहे. पण हेही पूर्ण खरं असेल असं मला म्हणवत नाही. इद्दतमध्येच बसून खंगलेल्या बायका मी नंतर पाहिल्या आहेत. रीत एकच, एकीला ती ऊब होते आणि दुसरीला कोंडवाडा. आपांनाही ती पहिल्या दिवसांत काय होती, जेव्हा त्या जेवत नव्हत्या? मी विचारलं तर त्या म्हणाल्या, "मेरे कू मालूम नई बेटा."

पुढच्या वेळी मी गेले तेव्हा आपा मेथी निवडत होत्या. भली मोठी जुडी सुपात पसरलेली. मी बसले आणि हात आपोआप सुपाकडं गेला. आमच्याकडं कुणी भाजी निवडत असेल तर नुसतं बघत बसणं बरं दिसत नाही. मी काहीच विचारलं नाही. ठरवून नव्हे. विचारण्यासारखं माझ्याकडं काही उरलंच नव्हतं. एकदा आपांनी माझ्या हातातली काडी काढून घेतली, "ये मोटी है, फेंको." एकदा मी त्यांच्या बाजूचं पिवळं पान बाजूला केलं. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. भाजी निवडून झाली, सूप रिकामं झालं, आणि माझी वेळ संपली.

उठताना आपा म्हणाल्या, "स्कूल में ऐसा बैठने देते क्या?"

"कसं?"

"ऐसाच. काम करो, पूछो नक्को."

केंद्रात परत येऊन मी या भेटीची नोंद करायला बसले आणि काय लिहावं ते सुचेना. कोणतं तंत्र वापरलं? मेथी. मी शेवटी 'सत्र झालं' एवढंच लिहिलं.

त्यानंतर मी जे केलं ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मोठ्या मॅडमना विचारून केलं. त्या म्हणाल्या, "ती शाळेत जायला तयार आहे ना? मग करून बघ." आपांनाही विचारलं. मी शाळेत गेले आणि मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं की आपा परत आल्या तर त्यांची विचारपूस करायची नाही. स्वागत नाही, फुलं नाहीत, तब्येत कशी आहे नाही. वर्गाचं काम असेल तेवढंच बोलायचं.

त्यांना वाईट वाटलं होतं, ते दिसतच होतं. ज्या शिक्षिकेने फुलं दिली होती ती म्हणाली, "सलाम तो करें ना?"

"हो, सलाम करा."

"और खैरियत नई पूछें? सलाम के बाद मुंह से निकलताच है."

"नका विचारू."

"तो फिर बात क्या करें?"

दुसरी तिला म्हणाली, "तू वैसे भी किता बात करती, कभी तो चुप बैठ." सगळ्या हसल्या, तीही हसली, पण तिचे डोळे भरले होते. मुख्याध्यापिकांनी मला विचारलं, "मतलब उस दिन हमने गलत किया?"

मी म्हणाले, "तुम्ही मी सांगितलं ते केलं. ते चूक होतं का, मला माहीत नाही. आता सांगतेय ते बरोबर आहे का, तेही माहीत नाही."

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. माझ्याकडून त्यांना काहीतरी ठाम हवं होतं, आणि तसं हवं असण्यात त्यांची काही चूक नव्हती.

मुलीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, हे तुमच्या पुस्तकात हाय का?"

"नाय."

"मग?"

"मग बघू."

दिवाळीची सुट्टी जवळ आली होती. आपा रिक्षाने गेल्या. मुलगी कंपनीत गेली होती, आपांनीच तिला पाठवलं. मी शाळेत आधी जाऊन बसावं असं त्यांनी सांगितलं होतं, पण समोर यायचं नाही. म्हणून मी पहिलीच्या वर्गाशेजारच्या व्हरांड्यात, पाण्याच्या टाकीमागं एका बाकावर बसले होते. बत्तीस वर्षांची बाई, गळ्यात केंद्राचं ओळखपत्र, टाकीमागं लपलेली.

आपा फाटकातून आल्या. स्टाफची अवस्था बघण्यासारखी झाली. एक जण सूचनाफलक वाचायला लागली, त्यावर तेव्हा एकही सूचना नव्हती. फुलं देणारी शिक्षिका सलाम करून तोंडावर ओढणी धरून भराभर निघून गेली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आपा, हाजिरी टेबल पे है," आणि एवढं बोलूनच त्यांना घाम फुटला. आपांनी सगळं पाहिलं. त्यांना कळत होतं की हे कुणी सांगितलं आहे. मला वाटलं, आता त्या परत फिरतील, कारण हे न विचारणंही किती मोठ्याने चाललं होतं.

त्या वर्गात गेल्या. आणि माझ्या लक्षात आलं की मुलांना कुणी काहीच सांगितलेलं नाही.

वर्ग आधी गप्प झाला, मग एकदम कालवा. मुलं मोहल्ल्यातलीच, आपांना आधीपासून ओळखणारी. त्यातून एका मुलीचा आवाज आला, "आपा, आप कां गए थे इते दिन?"

मी बाकावरून उठले. काय करणार होते ते मला ठाऊक नाही. वर्गात शिरून मुलीला गप्प करणार होते की काय.

आतून काही क्षण आवाज आला नाही. मग आपा म्हणाल्या, "घर में थी."

"कायकू?"

"बैठी थी." मग म्हणाल्या, "तुम भी बैठो. पीछे वाले, नीचे बैठो. किताब निकालो."

पुस्तकं निघाल्याचा आवाज आला. मग सगळा वर्ग एका सुरात वाचायला लागला आणि त्यात आपांचा आवाज वेगळा काढता येईना. मी कान देऊन उभी होते. तो मुलांच्या पुढं होता की मागं, मला सांगता येणार नाही.

ज्या प्रश्नाने त्यांना फाटकातून परत पाठवलं, जवळपास तोच प्रश्न त्या मुलीने विचारला होता, आणि त्या थांबल्या. का? मुलीला उत्तर दिलं की ती ते ऐकून सोडून देणार होती, आपा बऱ्या झालेल्याच हव्यात असं तिचं काही नव्हतं, म्हणून? की आता दिवस जास्त गेले होते, एवढंच? मोठ्या मॅडमनी नंतर विचारलं, यातलं नेमकं कशाने काम झालं असं तुला वाटतं. मी चार कारणं सांगितली आणि चारही सांगताना अडखळले.

मधल्या सुट्टीत आपा बाहेर आल्या आणि सरळ टाकीकडं आल्या. माझं लपणं त्यांना येतानाच दिसलं होतं.

"तुम जाओ अब," त्या म्हणाल्या. "तुमारे दूसरे लोगां बैठे होंगे."

माझ्याकडं विचारायला एकच वाक्य होतं आणि तेच विचारायचं नव्हतं. मी मान हलवली. त्या वर्गाकडं वळल्या. चालताना एकदा भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या, मग आत गेल्या. मी फाटकाबाहेर येऊन रिक्षा स्टँडवर थांबले. दोन रिक्षावाल्यांनी कुठं जायचं विचारलं, दोघांनाही नको म्हणाले. शाळा सुटायला वेळ होता. जावं की थांबावं, हे ठरवायला मला बराच वेळ लागला. शेवटी गेले.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती नुकतीच कंपनीच्या बसमधून उतरली होती, मागं गाड्यांचा आवाज होता.

"अम्मी सुट्टी होईस्तोवर होती शाळेत. शेजारणीने सांगितलं. मी घरी आले तर झोपलेली."

"उठल्या का?"

"उठली. चहा घेतला."

"काही बोलल्या?"

"शाळेचं नाय बोलली काही. रडून आल्यासारखी दिसते. डोळे सुजलेत. मला म्हणाली, उद्याच्या डब्याला भेंडी चिरून ठेव."

"मॅडम," ती म्हणाली, "मग आता ती बरी झाली असं म्हणायचं का?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "त्यांना विचारू नका. भेंडी चिरून ठेवा."